फुटबॉलपटू इंजिनिअर झाला, पुढं काय? जुन्या स्पॅनिश खेळाडूचा माग काढण्याची रीत

सामने नंतर शोधा, आधी पदवी शोधा. शंभर वर्षांपूर्वीच्या स्पॅनिश फुटबॉलपटूवर लिहायला बसणाऱ्याला मी हेच सांगतो, आणि बहुतेकजण नेमकं उलटं करतात. गोल किती, चषक किती, कुठल्या संघाकडून किती हंगाम, हे चटकन मिळतं, कारण कुणीतरी ते आधीच मोजून ठेवलेलं असतं. मग लेखाच्या शेवटी एक ओळ येते: ‘निवृत्तीनंतर त्यांनी अभियंता व प्राध्यापक म्हणून काम केले.’ खेळला दहा वर्षं, नोकरी केली चाळीस वर्षं, आणि त्या चाळीस वर्षांना एक ओळ! पाटबंधारे खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे बघवत नाही.

मी कोल्हापूरचा. तरुणपणी पेठेच्या संघातून लेफ्ट आऊटला खेळायचो, पुढं उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. त्यामुळं मैदानाचं थोडं कळतं आणि सरकारी कागद कुठं दडून बसतात याचाही अंदाज येतो. स्पॅनिश येत नाही, मोबाइलवरच्या भाषांतरावर भागवतो. खाली सांगतोय ती रीत घरबसल्या जमते, आणि बहुतेक सगळं फुकट आहे.

स्पेनच का, असं कुणी विचारेल. तिथला सुरुवातीचा फुटबॉल खाणींच्या आणि कॉलेजांच्या आसऱ्यानं वाढला. ह्युएल्वाचा क्लब १८८९ साली निघाला तो रिओ तिंतोच्या खाणींवर आलेल्या इंग्रजांमुळं. आजचा अ‍ॅटलेटिको माद्रिद १९०३ च्या एप्रिलात निघाला. उत्तरेकडच्या बास्क मुलखातल्या बिल्बाओच्या अ‍ॅथलेटिक क्लबनं राजधानीत येऊन माद्रिद संघाला (आजचा रेआल माद्रिद) ३-२ असं हरवून चषक नेला, आणि त्याच महिन्यात माद्रिदमध्ये शिकणाऱ्या बास्क पोरांनी आपल्या गावच्या क्लबची शाखा म्हणून हा संघ काढला. त्यात खाणकाम अभियांत्रिकीचे विद्यार्थी पुढं होते. म्हणजे इंजिनिअर झालेला फुटबॉलपटू त्या काळात नवलाचा नव्हता. नवल एवढंच की त्यांच्या पुढच्या आयुष्याकडं कुणी बघत नाही.

उदाहरणाला मी एकच माणूस धरतो, रेने पेती. जन्म ८ ऑक्टोबर १८९९, फ्रान्समधल्या दाक्स गावात. नागरिकत्व फ्रेंच, पण खेळणं आणि कामधंदा स्पेनमध्ये. माद्रिदकडून आणि इरूनच्या रेआल उनिओनकडून खेळला, पुढं ‘इंखेनिएरो दे कामिनोस’, म्हणजे रस्ते-कालव्यांचा इंजिनिअर, झाला, आणि आरागोन नदीवरच्या येसा धरणाच्या कामाशी त्याचं नाव जोडलं गेलं. फुटबॉल आणि धरण! माझ्यासारख्याला आणखी काय पाहिजे?

पदवीवरून गाव काढा

स्पेनमध्ये नुसतं ‘इंजिनिअर’ असं लिहीत नाहीत, कसला इंजिनिअर ते सांगितलेलं असतं. आणि त्या एका शब्दावरून माणूस कुठल्या गावात शिकला हे कळतं, कारण कॉलेजंच मोजकी होती.

रस्ते, कालवे आणि बंदरं बांधणारे ते ‘कामिनोस’वाले. त्यांची शाळा आगुस्तिन दे बेतांकुर यानं १८०२ साली माद्रिदमध्ये सुरू केली, आणि १९६६ साली सांतांदेरला दुसरी निघेपर्यंत अख्ख्या देशात तेवढी एकच होती. खाणकामाची शाळा १७७७ साली आल्मादेनच्या पाऱ्याच्या खाणीपाशी सुरू झाली आणि १८३५ मध्ये माद्रिदला आली. वनखात्याचे इंजिनिअर १९१४ पर्यंत एल एस्कोरियालला शिकायचे, नंतर माद्रिदला. कारखान्यांचे इंजिनिअर, ज्यांना ‘इंदुस्त्रियाल’ म्हणतात, त्यांची सोय तीन ठिकाणी होती: बार्सेलोना (१८५१), बिल्बाओ (१८९९) आणि १९०१ साली पुन्हा उघडलेलं माद्रिद.

याचा उपयोग असा. तुमचा खेळाडू बिल्बाओचा असेल आणि कामिनोसवाला असेल, तर काही वर्षं तो माद्रिदमध्ये होताच. त्या वर्षांत बिल्बाओच्या पेपरात नाव दिसलं नाही म्हणून ‘दुखापतीमुळं बाहेर’ असं ठोकून देऊ नका, माद्रिदच्या संघांत बघा. याउलट बिल्बाओचा इंदुस्त्रियाल घर न सोडताही शिकलेला असू शकतो. या शाळांची प्रवेश परीक्षा फार कडक असायची. तिच्या तयारीसाठी पोरं वर्ष दोन वर्षं खासगी क्लासेस लावून राजधानीत राहायची, आपल्याकडं लातूरला जातात तशी. म्हणून कॉलेजच्या वर्षांच्या अलीकडची दोन-तीन वर्षंही माद्रिदमध्ये चाळायची.

पेतीचं बघा. १९१७ चा कोपा, म्हणजे राजाचा चषक, त्यानं माद्रिदकडून जिंकला, वय सतरा. बार्सेलोनात झालेला अंतिम सामना आरेनासविरुद्ध ०-० सुटला, आणि पुन्हा खेळवल्यावर २-१ असा निकाल लागला. पुढच्याच वर्षी तो रेआल उनिओनकडून कोपा जिंकला, आणि हरवलं कुणाला, तर माद्रिदला, २-०. नुसते आकडे बघणारा म्हणेल, संघ बदलला. पदवी बघणारा म्हणेल, हे पोरगं कुठं शिकत होतं, घर कुठं होतं, सुट्टीत कुठं जायचं, ते आधी बघू.

नाव पुरतं पाहिजे

स्पॅनिश माणसाला दोन आडनावं, एक बापाचं, एक आईचं. पेपरवाले एकच छापतात, आणि पुष्कळदा तेही नाही. १९२० साली स्पेनच्या राष्ट्रीय संघाचा पहिलावहिला गोल मारणारा पात्रिसिओ आराबोलासा पेपरात नुसता ‘पात्रिसिओ’ असतो. रफाएल मोरेनो आरांसादी हा कायम ‘पिचिची’. सरकारी कागदात मात्र दोन्ही आडनावं असतातच. म्हणून दुसरं आडनाव हाती लागल्याशिवाय पुढं सरकू नका. आपल्या माणसाचं पुरं नाव रेने पेती दे ओरी. तिथल्या लिपीतलं नाव स्पॅनिश विकिपीडियावरून जसंच्या तसं उचला, स्वराघाताच्या खुणांसकट. एकदा खुणांसकट शोधा, एकदा खुणा काढून.

गावांचीही तीच तऱ्हा. आजचं ओंदारिबिया त्या काळच्या पेपरात ‘फुएंतेराबिया’ असतं. दोनोस्तिया म्हणजे सान सेबास्तियान. क्लबच्या नावात ‘रेआल’, म्हणजे ‘राजेशाही’, असणं-नसणं तर राजकारणावर चाले. माद्रिदला ही पदवी राजानं १९२० साली दिली. १९३१ मध्ये प्रजासत्ताक आलं तेव्हा सगळ्यांचीच ‘रेआल’ गेली. १९४१ साली हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीनं परकी नावं बदलायला लावली, तेव्हा ‘अ‍ॅथलेटिक’चं ‘अ‍ॅटलेटिको’ झालं. १९१७ च्या अंकात ‘रेआल माद्रिद’ शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

पेपर चाळायची युक्ती

मुख्य खजिना म्हणजे स्पेनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ‘एमेरोतेका दिखिताल’. जुने अंक स्कॅन करून ठेवलेत, शब्द टाकून शोधता येतं, पैसे नाहीत. ‘माद्रिद स्पोर्ट’ आणि ‘एराल्दो देपोर्तिवो’ ही त्या काळची खेळाची नियतकालिकं आधी काढा. बार्सेलोनाचं ‘मुंदो देपोर्तिवो’ १९०६ पासूनचं आहे, त्याचा संग्रह वेगळा. सांस्कृतिक मंत्रालयाचा ऐतिहासिक वृत्तपत्रांचा आणखी एक संग्रह आहे, प्रांतोप्रांतीचे लहान पेपर त्यात सापडतात.

आता खरी गंमत. ‘पेती’ टाकून शोधलंत की हजारो उतारे येतील, कारण फ्रेंच आणि कातालान दोन्ही भाषांत तो ‘लहान’ या अर्थाचा रोजचा शब्द आहे. बार्सेलोनाच्या पेपरांत तर पुरासारखे येतात. अशा वेळी माणसाला सोडा, त्याच्या सोबत्याला धरा. रेआल उनिओनचा हाफबॅक गांबोरेना. हे आडनाव दुसऱ्या कशात मिसळत नाही. गांबोरेना टाका, १९१८ ते १९२८ ही वर्षं लावा, आणि जे अंक येतील त्यात त्याच्या शेजारी पेती आहे का ते डोळ्यांनी बघा. गोलरक्षक एमेरी हेही चांगलं खुंट आहे. आजचे प्रशिक्षक उनाई एमेरी यांचे ते आजोबा. स्पॅनिश लीगच्या इतिहासातला पहिला गोल, फेब्रुवारी १९२९ मधला, यांनीच खाल्ला.

१९२० नंतरचा रविवारचा सामना सोमवारच्या अंकात शोधू नका. पेपर छापणाऱ्यांनाही रविवारची सुट्टी असल्यामुळं सोमवारी सकाळी बहुतेक पेपर निघायचेच नाहीत. वर्णन मंगळवारी यायचं. हे माहीत नसलं की माणूस ‘या सामन्याची नोंदच नाही’ म्हणून मोकळा होतो.

संघाची यादी वाचायची एक पद्धत आहे. आधी गोलरक्षक, मग दोन बॅक, मग तीन हाफ, मग पाच फॉरवर्ड, उजवीकडून डावीकडं. बोटानं मोजा. चौथ्या, पाचव्या, सहाव्या जागी नाव आलं तर हाफ, त्यापुढं आलं तर फॉरवर्ड. खेळाडू वर्षागणिक कुठं सरकत गेला हे अशा दहा-बारा याद्या शेजारी-शेजारी ठेवल्यावर जेवढं कळतं, तेवढं कुठल्या तयार तक्त्यात कळत नाही. आमच्याकडंही जुनं खोड सेंटर हाफला आणून ठेवतात, पळणं कमी आणि डोकं जास्त. पेतीच्या याद्या काढून हे स्वतः बघा.

भाऊ असला तर सावध. पेतीचा भाऊही फुटबॉल खेळायचा. यादीत नुसतं आडनाव असेल तर तो सामना कुणाच्या खात्यात टाकायचा हे ठरेपर्यंत वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. एकाच यादीत दोघं असले तर पेपरवाला नावातलं पहिलं अक्षर देतो. दुसऱ्या एखाद्या पेपरात त्याच दिवसाची यादी पुरी मिळते.

आणि एकाच देशात अडकू नका. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला स्पेनचा पहिला राष्ट्रीय संघ गेला, त्यात रेआल उनिओनचे पात्रिसिओ आणि एगियासाबाल होते. पेती त्याच स्पर्धेत होता, पण फ्रान्सकडून. फ्रेंच राष्ट्रीय संघाकडून तो खेळला ते हे दोनच सामने: इटलीवर ३-१ असा विजय, आणि उपांत्य फेरीत चेकोस्लोव्हाकियाकडून ४-१ हार. अंतिम सामन्यात चेक संघ चिडून मैदान सोडून गेला आणि बाद झाला. रौप्यपदकासाठी पुन्हा खेळायची वेळ आली तेव्हा फ्रान्सचे बरेच खेळाडू घरी निघून गेले होते, त्यांनी नकार दिला. ती जागा स्पेननं घेतली आणि हॉलंडला ३-१ हरवून रौप्य नेलं. क्लबातले सोबती गळ्यात पदक घालून आले, आणि हा गडी रिकाम्या हातानं! एवढी चमचमीत गोष्ट नुसत्या स्पॅनिश पेपरांत शोधली तर अर्धीच मिळते. दुसरी बाजू फ्रेंच राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गालिका’वर आहे, तिथं ‘लोतो’ आणि ‘मिर्वार दे स्पोर’चे अंक उघडा.

चषकांचं फार लांबवत नाही. १९२४ साली सान सेबास्तियानच्या आतोचा मैदानावर रेआल माद्रिदला १-० हरवून आणि १९२७ साली सारागोसाच्या तोरेरो मैदानावर आरेनासला १-० हरवून रेआल उनिओननं आणखी दोन कोपा मिळवले, दोन्ही वेळा पेती संघात. दोन संदर्भ मात्र डोक्यात ठेवा. १९२९ च्या आधी राष्ट्रीय लीगच नव्हती, प्रांताची स्पर्धा आणि मग कोपा, एवढंच. म्हणून ‘लीगमधले गोल: शून्य’ असं छापून त्या पिढीचा अपमान करू नका. आणि स्पेनमध्ये पैसे घेऊन खेळणं अधिकृत झालं ते १९२६ मध्ये. त्याआधी हातात पदवी असणं ही गरज होती, हौस नव्हे.

सारागोसा हे नाव लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

गॅझेट: सरकारी नोकराची कुंडली

इथपर्यंत सगळे येतात. इथून पुढं गर्दी संपते.

‘गासेता दे माद्रिद’ म्हणजे तिथलं सरकारी राजपत्र. १६६१ पासूनचे अंक आजच्या राजपत्राच्या, म्हणजे ‘बोलेतिन ओफिसियाल देल एस्तादो’च्या संकेतस्थळावर ‘गासेता’ या ऐतिहासिक संग्रहात उघडे आहेत. दोन्ही आडनावं टाका, अवतरण चिन्हांत. मग सेवेत प्रवेश, बदली, बढती, रजा, निवृत्ती, एकेक तुकडा वर यायला लागतो. इंजिनिअरांचे सरकारी संवर्ग होते आणि त्यांच्या ज्येष्ठता याद्या निघत, त्यांना ‘एस्कालाफोन’ म्हणतात. ज्येष्ठता यादी काय चीज असते हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारी नोकराला सांगायला नको. जन्मतारीख, रुजू तारीख, पद, सगळं एका ओळीत. ज्या खेळाडूच्या जन्मतारखेवरून चार संकेतस्थळं भांडत असतात, त्याचा निकाल अशा यादीत लागतो.

तुमचा माणूस प्राध्यापक झाला असेल तर गॅझेट सोन्याची खाण आहे. तिकडं कायम प्राध्यापकाला ‘कातेद्रातिको’ म्हणतात, आणि ती जागा स्पर्धापरीक्षेनं, ‘ओपोसिसिओन’नं, भरत. क्रम असा चालतो: जागा रिकामी झाल्याची सूचना, परीक्षक मंडळाची नावं, उमेदवारांची यादी, आणि शेवटी नेमणुकीचा आदेश, विषयाच्या नावासकट. शेवटून मागं या. नेमणुकीचा आदेश सापडला की त्यातल्या विषयाच्या नावानं मागचे अंक शोधा, उमेदवारांची यादी मिळेल. तिच्यात कोण कोण हरलं तेही दिसतं, आणि खरं सांगायचं तर मला ती यादी नेमणुकीपेक्षा जास्त आवडते. त्यानंतर राष्ट्रीय ग्रंथालयाच्या सूचीत त्याची पुस्तकं बघा. इंजिनिअरिंगच्या पाठ्यपुस्तकाच्या मुखपृष्ठावर लेखकाच्या नावाखाली तेव्हाचं पद छापायची पद्धत होती. आवृत्ती बदलते तसं पदही बदलतं, म्हणजे दोन आवृत्त्यांच्या मध्ये बढती झाली. कामिनोसवाल्यांसाठी ‘रेविस्ता दे ओब्रास पुब्लिकास’ आहे, १८५३ पासून चालू असलेलं त्यांचं मासिक. जुने अंक खुले आहेत आणि लेखकाच्या नावानं शोधता येतात.

१९३६ ते १९३९ ही यादवी युद्धाची वर्षं आली की हात आखडता घ्या. त्या काळात दोन सरकारं, म्हणून राजपत्रंही दोन, एक प्रजासत्ताकाचं, एक बुर्गोसच्या बंडखोरांचं. एकात बडतर्फ झालेला दुसऱ्यात कायम असू शकतो. इरूनचा मोठा भाग १९३६ च्या सप्टेंबरात, गाव पडताना, जळाला. तेव्हा गावातल्या जुन्या कागदांवर फार भिस्त ठेवू नका, बाहेरच्या गावांत छापलेलं शोधा. युद्धानंतर सरकारी नोकरांची आणि प्राध्यापकांची चौकशी झाली, तिला ‘देपुरासिओन’ म्हणत. कुणाला काढलं, कुणाची लांब बदली केली, कुणी आधीच मेक्सिको गाठलं होतं. एखाद्या प्राध्यापकाचं नाव १९३९ नंतर एकाएकी नाहीसं झालं तर ‘निवृत्त’ लिहू नका. चौकशीचे आदेश राजपत्रात बघा, आणि मूळ फायलींसाठी आल्काला दे एनारेसच्या प्रशासकीय अभिलेखागाराचं नाव टिपून ठेवा. इरूनचाच लुईस रेगेइरो १९३७ साली बास्क संघाबरोबर दौऱ्यावर गेला तो पुढं मेक्सिकोतच राहिला. त्याचा स्पेनमधला माग तिथंच तुटतो, पण आयुष्य तुटत नाही.

धरण वाचता आलं पाहिजे

इंजिनिअरचं काम कागदावर राहत नाही, जमिनीवर राहतं. म्हणून त्याच्या चरित्राचा एक भाग नकाशावर वाचायचा.

एब्रो नदीच्या खोऱ्याची व्यवस्था पाहणारं महामंडळ १९२६ च्या मार्चमध्ये स्थापन झालं, मानुएल लोरेंसो पार्दो या इंजिनिअरच्या पुढाकारानं. अख्खं खोरं एक धरून पाण्याचं नियोजन करायचं, ही कल्पना तेव्हा जगात नवी होती. कार्यालय सारागोसाला. पुढच्याच वर्षी त्याच गावात पेतीनं आपला शेवटचा कोपा उचलला. हा निव्वळ योगायोग, त्यावर काही रचू नका, पण लिहिताना वाचकाला एका गावातून दुसऱ्या विषयात न्यायला हा पूल चांगला आहे.

आरागोन ही एब्रोची उपनदी. नावारा आणि सारागोसा या दोन प्रांतांच्या हद्दीवर, लेइरेच्या मठाच्या पायथ्याशी, येसाचं काँक्रीटचं ग्रॅव्हिटी (स्वतःच्या वजनावर पाणी अडवणारं) धरण आहे. १९५९ साली फ्रँकोच्या हस्ते उद्घाटन झालं. साठा सुमारे ४४७ दशलक्ष घनमीटर. आपल्या हिशोबात साधारण १६ टीएमसी, म्हणजे राधानगरीच्या जवळपास दुप्पट आणि काळम्मावाडीपेक्षा बरंच कमी. असं रूपांतर लेखात जरूर द्या (२८.३ दशलक्ष घनमीटरला एक टीएमसी), आपल्या वाचकाला घनमीटरनं काही दिसत नाही. इथून निघणारा बार्देनासचा कालवा नावारा आणि आरागोनच्या कोरड्या माळाला पाणी देतो, आणि त्या लाभक्षेत्रात सरकारनं नवी गावंच्या गावं वसवली.

आता घरबसल्या करायची सगळ्यात भारी गोष्ट. स्पेनच्या राष्ट्रीय भूगोल संस्थेनं जुनी हवाई छायाचित्रं खुली केलीत. त्यातली ‘अमेरिकन उड्डाण, मालिका ब’ ही १९५६-५७ सालची. धरण भरलं १९५९ ला. म्हणजे खोरं बुडायच्या अगदी तोंडावरचं छायाचित्र तुमच्यासमोर येतं. डाव्या अर्ध्यात ते लावा, उजव्या अर्ध्यात आजचं, आणि मधली पट्टी सरकवा. नदीचा वेडावाकडा प्रवाह, काठाची पट्ट्यापट्ट्यांची शेतं, रस्ता, आणि टेकडीवर तिएरमास गाव. पट्टी सरकली की खालची शेतं आणि रस्ता निळ्या पाण्याखाली जातात, टेकडी तेवढी वर उरते. मी चाळीस वर्षं बुडीत क्षेत्राचे नकाशे हाताळले, पण आधीचं आणि नंतरचं असं बोटाखाली सरकताना कधी बघितलं नव्हतं.

तिएरमास, एस्को आणि रुएस्ता ही तीन गावं या धरणानं उठवली. तिन्हींची घरं पाण्याखाली गेलेली नाहीत, हे नीट लिहा, पुष्कळांचं इथं चुकतं. शेतं गेली, आणि शेत गेल्यावर गाव कशावर राहणार? तिएरमासचे गरम पाण्याचे झरे टेकडीच्या पायथ्याशी होते, ते बुडाले. पाणी उतरतं तेव्हा, बहुधा शरदात, ते उघडे पडतात आणि लोक अंघोळीला जातात. एस्को उतारावर पडक्या भिंतींनिशी उभं आहे. रुएस्तावरून सांतियागोच्या यात्रेची एक वाट जाते, ते पुढं एका कामगार संघटनेच्या ताब्यात दिलं. धरणाची उंची वाढवायचं काम या शतकाच्या सुरुवातीपासून चालू आहे आणि त्याविरुद्धचं आंदोलनही तेवढंच जुनं.

हे चरित्रात का घालायचं? कारण खेळाडू पेतीबद्दल लिहिताना आपण त्याच्या पासची तारीफ करतो, मग इंजिनिअर पेतीबद्दल लिहिताना कालव्याखाली आलेलं क्षेत्र सांगायचं आणि उठलेल्या गावांचं नाव गाळायचं, हे बरोबर नाही. मी धरणग्रस्तांच्या बैठकांना टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसलेला माणूस आहे, म्हणून सांगतो. निर्णय एकट्या इंजिनिअरचा नसतो, तो मंत्रालयात होतो, हेही तितकंच स्पष्ट लिहा. त्याला दोषी ठरवायला किंवा मोठा करायला आपण बसलेलो नाही. त्याचं कोणत्या वर्षी कोणतं पद होतं ते राजपत्रातून आणि मासिकातून काढा, आणि जेवढं पदाचं काम होतं तेवढंच त्याच्या नावावर टाका. आख्खं धरण एका माणसाच्या नावावर टाकायची सवय पेपरवाल्यांची. धरणाला सर्वेक्षण, संकल्पचित्र, पाया, काँक्रीट, दारं, कालवा, प्रत्येकाला वेगळे हात लागतात.

दोन टोकं जोडताना

मैदानावरचा पेती आणि खात्यातला पेती एकच, हे सिद्ध करावं लागतं. नाव जुळलं एवढ्यावर जाऊ नका. दुसरं आडनाव, जन्मसाल, गाव, यांपैकी किमान दोन गोष्टी दोन वेगवेगळ्या कागदांत जुळल्या पाहिजेत. सगळ्यात सोपा दुवा म्हणजे मृत्यूची जाहिरात. स्पॅनिश पेपरांत, विशेषतः ‘आबेसे’मध्ये, काळ्या चौकटीत ती छापून येते, आणि नावाखाली पदवी, हुद्दा, मानसन्मान असतात. पेती वारला १९८९ च्या ऑक्टोबरात, ओंदारिबियाला, वय नव्वद. म्हणून त्या महिन्याच्या पेपरांतले मृत्युलेखही काढा. म्हाताऱ्या खेळाडूवर लिहिताना वार्ताहर नोकरीचंही दोन ओळी लिहितो. त्या चौकटीत मुलानातवंडांची नावं असतात, ती तुमच्यापाशी ठेवा, लेखात घालू नका.

फोटो वापरायचा तर छायाचित्रकार कोण ते आधी शोधा. स्पेनमध्ये १९८७ पूर्वी वारलेल्यांच्या कामावर मृत्यूनंतर ८० वर्षं हक्क असतो. ‘जुना आहे, चालतंय’ म्हणून चिकटवू नका.

शेवटी पत्र. एवढं सगळं करूनही दोन-तीन भोकं उरतात आणि त्यांची उत्तरं कुठल्या तरी कपाटात असतात: क्लबच्या, कॉलेजच्या, अभियंत्यांच्या संघटनेच्या, एब्रो महामंडळाच्या. ईमेल संस्थेच्या अभिलेखागाराला लिहा, व्यक्तीला नको. मजकूर मराठीत छोट्या वाक्यांत लिहून यंत्रानं स्पॅनिश करा, आणि तेच स्पॅनिश पुन्हा मराठीत करून वाचा. अर्थ बदलला असेल तिथं वाक्य मोडा. एका पत्रात एकच प्रश्न. पुरं नाव, जन्मसाल, तुम्हाला काय सापडलंय त्याची तारीख आणि अंक, आणि नेमकं काय हवंय. ‘यांच्याविषयी माहिती पाठवावी’ असं लिहिलंत तर कुणी हात लावत नाही. ‘१९२० ते १९३० मधल्या प्रवेश नोंदवहीत हे नाव आहे का’ असं विचारलंत तर कुणीतरी उठून नोंदवही उघडतो. ऑगस्टमध्ये पाठवू नका, अख्खा स्पेन सुट्टीवर असतो. पाठवलंच असेल आणि उत्तर आलं नसेल, तर सप्टेंबरच्या मध्यात तेच पत्र नवीन तारीख घालून पुन्हा धाडा.